आधी आ, मग ई

७ जानेवारी

शिक्षणगृहाच्या मोठ्या बाई आज स्वतः दुकानात आल्या. टेकडीपलीकडे मुक्या-बहिऱ्या मुलांचं शिक्षणगृह आहे, तिथल्या त्या मुख्य. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. आधी भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले आणि मग विचारलं, फोटोग्राफर कुठे आहेत? म्हटलं, तुमच्यासमोर उभी आहे. ह्यांची नजर गेल्या काही वर्षांत उतरत चाललीय. तेव्हापासून कॅमेरा मी चालवते आणि फोटो उमटलेल्या काचा औषधात धुण्याचं काम हे काळोख्या खोलीत करतात. तिथे डोळ्यांचं तसंही फार चालत नाही, हात तयार लागतो, आणि ह्यांचा हात माझ्यापेक्षा तयार आहे. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. उलट म्हणाल्या, बरं झालं, मुलं बिचकणार नाहीत.

त्यांना शिक्षणगृहाचं सचित्र पुस्तक काढायचंय. वर्ग, झोपायची खोली, शिवणकाम, सुतारकाम आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलायला शिकणारी मुलं. बोलणं चालू असतानाच आमची बडबडी टेबलाखालून बाहेर आली. हे नाव सासूबाईंनी ठेवलंय. पोर जन्मापासून ठार बहिरी, पण हात क्षणभर गप्प नाहीत, म्हणून बडबडी. बाईंनी तिची हनुवटी वर केली, गळ्यावर दोन बोटं ठेवली, ती हसेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "आवाज आहे हिच्यात. माझ्याकडे द्या. तुम्हाला आई म्हणेल."

फोटोंच्या बदल्यात बडबडीला जागा. मी लगेच हो म्हटलं नाही, पण मनातून केव्हाच म्हणून मोकळी झाले होते. खोटं कशाला लिहू? मला ते ऐकायचंय. या घरात कुणी "आई" अशी हाक मारली की सासूबाई ओ देतात. मला ओ द्यायची वेळच आलेली नाही.

आणि माझं राहू दे. डॉक्टरांनी सांगितलंय, ह्यांना उरलंय तेवढंही दिसणार नाही. बडबडी हातांनी बोलते, ते हात ह्यांना आताच धूसर दिसतात. हे तोंडाने बोलतात, ते तिला ऐकू येत नाही. बापलेक एका खोलीत बसतात आणि मध्ये मी दुभाषी. मी बाजारात गेले तरी दोघं दोन तीरांवर. उद्या मी नसले तर? तिला तोंडाने चार शब्द यायलाच हवेत.

९ जानेवारी

सासूबाईंचा ठाम विरोध. "बोलत नाही म्हणून काय बिघडलं? तू बोलतेस ते दोघींना पुरून उरतंय." मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला, तुमचं काय जातंय. तर म्हणाल्या, तेच तर, माझी जीभ आहे म्हणून उचलते, तिचे हात आहेत म्हणून ती हात उचलते.

ऐकायला छान आहे. पण ह्यांच्या डोळ्यांचं काय? बडबडी जेवताना आमच्याकडे टकमक बघत होती. तिने ह्यांची खूण केली, दोन बोटं नाकाशी नेऊन नाक मुरडायचं, कारण ह्यांच्या बोटांना कायम औषधांचा वास येतो. मग माझी, फ्रॉक डोक्यावर ओढून, कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली शिरल्यासारखी. मग दोन मुठी एकमेकींवर आपटल्या. तुम्ही भांडताय का, असं तिचं विचारणं. मी नाही म्हणून मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही.

१४ जानेवारी

पहिली फेरी. कॅमेरा, तिवई, काचांची पेटी, सगळं घोडागाडीतून नेलं.

तिथली शांतता आधी कळलीच नाही, वाटलं माझेच कान बसले. बहिरं मूल घरात असलं की काय गोंगाट असतो ते मला विचारा. दारं आपटतात, भांडी आदळतात, पाय वाजतात, घशातून कसले कसले आवाज निघतात, कारण त्यांना ते ऐकूच येत नाहीत. आणि इथे मोठी थोरली इमारत भरून मुलं, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी. सगळ्यांच्या पायांत कापडी बूट. बाई म्हणाल्या, शिस्त. असेल बाई. मला नाही आमच्या एकीला लावता आली.

वर्ग उत्तरेकडच्या खिडक्यांचा, उजेड सुरेख. आणि मुलं! इतक्या वर्षांत अशी गिऱ्हाइकं मिळाली नाहीत. भिंगावरची टोपी काढली आणि पुन्हा लावली, तेवढ्या वेळात एक मान हलली नाही. नाहीतर घरंदाज मुलांचे फोटो काढताना मला खुळखुळा वाजवून नाचावं लागतं. सगळ्यांना राखाडी झगे, बाह्या बोटांच्याही पुढे येणाऱ्या, टोकाला नाडी आवळलेली. मी समजले, वाढत्या अंगाचे कपडे, काटकसर आहे. बाई म्हणाल्या, मुलं नखं खातात म्हणून.

फळ्यावर सुंदर अक्षरात धडा लिहिला होता. खडू मात्र कुठेच दिसला नाही.

१५ जानेवारी

ह्यांनी काचा धुतल्या. ओल्या काचेच्या कडेवरून बोट फिरवत मला म्हणाले, हातांचं काय केलंस? ह्यांचं नेहमीचं म्हणणं, माणसाचे हात कुठे ठेवायचे हे कळलं की फोटोग्राफी आली. म्हटलं, हात बाह्यांत आहेत, दिसतच नाहीत. हसून म्हणाले, मग तुझं निम्मं काम त्यांनीच केलं की.

पण काचा उजेडात धरल्या आणि माझा विरस झाला. कपड्यांच्या चुण्या, बाकांवरचे ओरखडे, केसांचे भांग, सगळं सुईसारखं स्पष्ट, आणि डोळे मात्र पुसलेले. एकाचे नाहीत, सगळ्यांचे. मान न हलवता ती मुलं एवढा वेळ डोळे कुठे फिरवत होती कोण जाणे. मी तर समोरच उभी होते, माझ्याकडे बघा असं बाईंनी बजावलंही होतं. आता बारीक ब्रश घेऊन एकेकाची बुबुळं रंगवत बसले आहे. छापल्यावर कळायचं नाही, यात माझा हात कुणी धरणार नाही. फक्त इतके डोळे एका दमात काढले की ते सगळे एकाच माणसाचे दिसायला लागतात.

२२ जानेवारी

आज बोलण्याचा वर्ग. शिकवणाऱ्या बाईंना तिथे सगळे बोलक्या बाई म्हणतात. मोठ्या बाईंची फर्माईश अशी की, मुलं बोलताना दिसली पाहिजेत. मी म्हटलं, अहो, फोटोत आवाज कुठून आणू? मग आम्ही तिघींनी बसून विचार केला. प म्हणताना तोंड मिटतं, गप्प बसल्यासारखं वाटेल. ओ म्हणजे दात काढून घेतल्यासारखं. शेवटी ठरलं, "आई". पण एका काचेवर एकच तोंड मावणार, म्हणून दोन काचा घ्यायच्या. एकीवर आ, दुसरीवर ई. पुस्तकात शेजारी शेजारी छापायच्या.

बोलक्या बाईंनी लाकडी पट्टीने एकेकाची जीभ खाली दाबून दिली आणि सांगितलं, असंच धरा. मी काळ्या कपड्याखाली शिरले. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं, पाय वर, डोकी खाली, त्याची मला सवय आहे. पण तशा उलट्या रांगेत सगळी तोंडं आ वासलेली आणि आवाज औषधालाही नाही, ते पाहून मी चटकन बाहेर आले. म्हटलं, गरम होतंय. बोलक्या बाई म्हणाल्या, आज तर थंडी आहे.

ई ची काच जास्त बरी आली. दात दिसतात, हसल्यासारखं वाटतं.

२३ जानेवारी

माझं एक खूळ अंगाशी आलं. काल एक काच उरली होती, म्हटलं, एकाच काचेवर पूर्ण शब्द घेऊ. अर्धा वेळ आ, टोपी लावली, मुलांना ई करायला लावलं, उरलेला वेळ पुन्हा टोपी काढली. आज धुतली तर प्रत्येक चेहऱ्याला दोन तोंडं, एक उघडं, एक आवळलेलं, एकात एक शिरलेली, आणि वर डोळे नाहीत.

वाळत ठेवली होती. सासूबाई तिथून गेल्या, उभ्या राहिल्या आणि तिच्यावर फडकं टाकून स्वयंपाकघरात निघून गेल्या. एरवी एवढ्यावर दुपारभर बोलल्या असत्या.

मी काच खरवडून टाकली.

२ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी मला त्यांची सगळ्यात हुशार मुलगी दाखवली. तिला तिथे पोपट म्हणतात. बडबडीहून थोडी मोठी असेल. तान्ही असताना आणून ठेवलेली, मागे कुणी विचारायला आलं नाही. बाईंनी तिच्या खांद्याला बोट लावलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, "आई."

आवाज विहिरीतून आल्यासारखा, सुरात नव्हता, पण शब्द पूर्ण. वर दोन्ही हात माझ्यापुढे केले. मला राहवलं नाही, मी तिला पोटाशी धरलं. ती अंग आखडून उभी. मी सोडलं तर पुन्हा "आई", पुन्हा हात पुढे, बाह्यांची टोकं अगदी माझ्या नाकाशी. मी पुन्हा जवळ घेतलं. तीन-चार वेळा असं झालं. किती भुकेलं असेल बिचारं मायेला! मी रडत होते, मोठ्या बाईंचेही डोळे भरले होते. पोपट मात्र रडली नाही. शेवटी तिने हात खाली केले आणि भिंतीकडे बघत राहिली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मलाही बाबा म्हणेल का गं?" सासूबाई तिथेच होत्या. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि ठरलं.

१० फेब्रुवारी

बडबडीला पोचवून आले.

सामान देऊन होईपर्यंत मला बोलण्याच्या वर्गात बसवलं होतं. तेवढ्यात एका मुलाने शब्द बरोबर काढला, आणि बोलक्या बाईंनी लगेच त्याच्या बाह्यांच्या नाड्या सोडल्या, जेवणापर्यंत हात मोकळे. म्हणजे बक्षीसही देतात. मला बरं वाटलं, नुसती छडी नाही. मोठ्या बाईंनी तेव्हा नीट सांगितलं की, नखांचं तर आहेच, पण खरी गोष्ट अशी की हात मोकळे असले की जीभ आळशी होते. पटण्यासारखं आहे. मीही ह्यांच्याशी भांडताना हात बांधून ठेवले तर जास्त बोलेन.

बडबडीला झगा घातला. तिने नाडी आवळू दिली, तिला तो खेळ वाटला. मी निघताना तिने फ्रॉक डोक्यावर ओढायला हात वर केले, माझी खूण करायला. पण हात बाह्यांत, कापड पकडता येईना. दोन-तीनदा प्रयत्न केला. मग डोकंच खाली घालून माझ्या पदरात खुपसलं.

पहिले काही महिने भेटायचं नाही. घराची सवय सुटली की शब्द येतो, असं बाई म्हणतात.

१ मार्च

दारं आपटत नाहीत. परवा सासूबाईंनी मुद्दाम एक भांडं जोरात आदळलं. मी धावत गेले. म्हणाल्या, काही नाही, हातातून सुटलं.

२८ एप्रिल

पुस्तकाचा शेवटचा फोटो, म्हणून मला आत सोडलं. बडबडी दुसऱ्या बाकावर होती. मी हसले, तिने पाहिलं, हसली नाही. टोपी काढली, लावली, ती हलली नाही. माझी पोर आणि हलली नाही! आजवर तिचा एकही फोटो मला धड काढता आला नव्हता.

मग मोठ्या बाईंनी तिला पुढे बोलावलं. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "आई."

मी काय लिहू? म्हणाली. मला म्हणाली. मी "ओ" म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिला कवटाळलं, पापे घेतले, ती पुन्हा म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली, माझं मन भरेना. मोठ्या बाई म्हणाल्या, सुट्टीसाठी घेऊन जा, बापालाही ऐकू दे.

३० एप्रिल

काच धुतली. तिचेही डोळे पुसलेले आहेत. ब्रश घेतला, रंग लावला, आणि तिची बुबुळं नेमकी कुठे असतात ते मला आठवेना. दुपारभर बसले. शेवटी इतरांना काढले तसेच काढले.

६ मे

बडबडी घरी. घरभर आनंद. आल्या आल्या ह्यांच्यापुढे हात करून "आई" म्हणाली. हे म्हणाले, अगं, मी बाबा, आणि हसता हसता ह्यांच्या डोळ्यांत पाणी. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी सवयीने ओ दिली, त्यावर आम्ही सगळे हसलो. मी तिचा झगा काढून जुना फ्रॉक घातला. तेव्हापासून ती बोलली नाही. दमली असेल.

खुणाही करत नाही. हात मांडीखाली घेऊन बसते.

८ मे

सासूबाई आज माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सकाळी ती आई म्हणाली, म्हणून मी ओ देत गेले. मला नव्हती म्हणत. बिस्किटांच्या डब्याला म्हणत होती."

मी म्हटलं, डब्याला कशी म्हणेल? म्हणाल्या, झाकण घट्ट बसलं होतं. मी उघडून दिलं, तर गप्प झाली.

मला त्यांचा राग आला. इतक्या दिवसांनी मिळालेली माझी हाक, तीही यांना बघवत नाही.

९ मे

बंद खिडकीला म्हणाली. बुटाच्या बक्कलला म्हणाली. दुपारी मी काळ्या कपड्याखाली असताना "आई" ऐकू आलं, मी आनंदाने बाहेर डोकं काढलं, तर ती माझ्याकडे बघतही नव्हती. भिंगावरच्या टोपीकडे बघत होती. मी टोपी काढली. तिने मान हलवली आणि निघून गेली.

पोपटच्या बाह्यांची टोकं माझ्या नाकाशी आली होती. मी त्या मुलीला पोटाशी धरत बसले. चार-चार वेळा.

परवा तिला न्यायला गाडी येणार आहे. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. हे एवढे खूश आहेत. म्हणतात, डोळे गेले तरी चालतील आता, हाक तर ऐकू येईल.

१० मे

सकाळी हे तिला काळोख्या खोलीत घेऊन गेले. दार उघडंच होतं, मी काचा पुसत बाहेर बसले होते. ह्यांनी तिला समोर स्टुलावर बसवलं, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तोंड तिच्या तोंडाजवळ नेऊन सावकाश म्हणाले, "बा-बा. म्हण."

ती म्हणाली, "आई."

हे हसले. हात आणखी घट्ट धरले, लाडाने हलवले. "अगं, ऐकलंस का? तुला बोलावतेय बघ."

ती पुन्हा म्हणाली. हे पुन्हा हसले. मग तिने एकदा नीट श्वास घेतला, शिकवलं होतं तसं तोंड पूर्ण उघडलं, मग दात जुळवले, आधी आ, मग ई, एकही चूक न करता, जरा मोठ्याने. कदाचित आपलंच काही चुकतंय असं तिला वाटलं असेल. ह्यांच्या तोंडावर एवढा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

"तिचे हात सोडा," मी म्हटलं.

"का गं?"

"ती मला हाक मारत नाहीये. हात सोडा म्हणतेय. पहिल्यापासून तेच म्हणतेय."

ह्यांनी सोडले. ती गप्प झाली. हात पटकन मांडीखाली गेले.

११ मे

गाडी आली. ती रिकामी परत पाठवायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं, त्यांच्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. गाडीवाल्याबरोबर झगा घडी करून पाठवला, नाड्या कापून. मोठ्या बाई आता येतील किंवा चिठ्ठी पाठवतील. पुस्तकाच्या काचा अजून माझ्याकडे आहेत, त्या मी देणार नाही. पोपट तिथेच आहे. तिचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

हे सकाळपासून बडबडीसमोर बसलेत, टेबलावर दोन्ही तळवे उताणे ठेवून. काही धरत नाहीत, काही मागत नाहीत. माझी तिच्याशी बोलायची रीत ह्यांनी मला विचारून घेतली, एकेक खूण, बोटांनी चाचपून. तिने ह्यांच्या तळव्यांवर हात ठेवले तर ह्यांना कळेल, ती काय म्हणतेय.

अजून ठेवलेले नाहीत.